विटांवरची जीप आणि जवसाचं तेल

माझ्या वयाची माणसं गुडघ्याचा पट्टा घेतात, चष्म्याला नवी काच बसवतात, फार तर सकाळी फिरायला बूट घेतात. मी गेल्या दिवाळीच्या तोंडावर जॅक घेतला. लोखंडी, चाकांचा, लांब दांड्याचा, गाडी उचलायचा जॅक. बायको म्हणाली, "लोक धनतेरसला सोनं घेतात." मी म्हटलं, "सोन्यानं जीप उचलली जात नाही." यावर तिनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, ती लग्नाला बरीच वर्षं झालेल्या प्रत्येक पुरुषाच्या ओळखीची असते.

जीप माझी नव्हती. माझ्या मामाजींची होती आणि मामीनं तिला मुदत दिली होती.

सौंदडच्या पुढं एका खेड्यात मामाजींचं घर. मागं लांबोडका कोठा. बैल विकले, ट्रॅक्टर भाड्यानं येऊ लागला, तेव्हा रिकाम्या कोठ्यात जीप आली. गोठ्याचा वास जायला जीपला दोन पावसाळे लागले, आणि पेट्रोलचा वास मामीच्या नाकातून अजून गेलेला नाही. मामाजींचे गुडघे धरले त्या वर्षी, टायर बसल्या जागी चिरतील म्हणून गावातल्या पोरांनी बल्ल्या, म्हणजे जाड लाकडी वासे, लावून जीप उचलली, चारी चाकं काढून माळ्यावर ठेवली आणि जीप विटांच्या चार ढिगांवर टेकवली. म्हणे गुडघे बरे होईपर्यंत. गुडघे काही बरे झाले नाहीत. पोरं नागपूर-रायपूरकडं कामाला निघून गेली. जीप तशीच राहिली, पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखी.

पण ती बंद पडली नाही हं! मामाजी दर बाजाराच्या दिवशी डोक्याला टोपी घालून, काठी टेकत कोठ्यात जात, जीपमध्ये बसत आणि किल्ली फिरवत. इंजिन धडधडे, कोठ्यातल्या चिमण्या उडत, मामाजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोरच्या भिंतीकडं बघत बसत. मधूनच हॉर्न. मामी चुलीपाशी बसल्या बसल्या विचारी, "कुठपर्यंत गेले वो आज?"

"कोहमाऱ्याच्या धाब्यावर हावो. चहा घेऊन राहिलो."

"मंग येतानी मीठ आनजा."

मीठ अर्थातच कधी आलं नाही. पण मी पाहिलंय, इंजिन बंद करून मामाजी खाली उतरत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लांबून आलेल्या माणसाचा थकवा असे आणि मामी चहाचं आधण ठेवी.

तर मुदतीचं असं झालं. त्यांचा मुलगा नवी गाडी घेऊन दिवाळीला यायचा होता. मामीनं जाहीर केलं, "पोराची गाडी उन्हात ठेवू का मी? मंडईच्या दिवशी हे जीप अंगनाच्या बाहेर निघाली तर राहील. नाई निघाली तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला येते. सांगून ठेवलो मी त्याले."

भाऊबीज झाली की आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी-जावई येतात, शिंगाड्यांचे ढीग लागतात, रात्री नाटक होतं. मामाजी उमेदीच्या काळात गावचं नाटक मंडळ चालवत आणि त्यांच्या जीपशिवाय पंचक्रोशीतली मंडई उभी राहत नसे. नाटकाचे पडदे, रंगाच्या पेट्या, तलवारी, राजाचं सिंहासन, सगळं त्या जीपमधून यायचं. टपावर मी बसलेलो असायचो, एका हातानं सिंहासन धरून, दुसऱ्या हातानं जीव.

मामाजींनी मामीचं बोलणं ऐकून घेतलं, जेवण पुरं केलं, हात धुतले आणि मला फोन लावला. "भाचेबुवा, पडदा पडून राहिला. लवकर ये."

मी गेलो. जीपखाली वाकून बघतो तर विटांचे ढीग मातीत चांगलेच बसलेले. चाक घालायला खाली जागाच नाही. जीप आधी उचलायची, चाकं बसवायची, विटा काढायच्या आणि मग हळूच उतरवायची. चार ओळींचं काम. पण धानकापणीचे दिवस, गावात रिकामा माणूस नाही. आणि घरात जॅक?

"आहे ना जॅक," मामाजी म्हणाले.

"आहे तर!" मामी आतून म्हणाली. "भाजीचं तेल पेलेला."

त्या जॅकची कथा सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही, आणि खरं सांगू, मला जायचंही नाही.

मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. मामाजींकडं एक लाल रंगाचा बाटली-जॅक होता. बाटलीसारखा उभा, पोटात तेल भरलेला, दांडा हलवला की मान वर काढणारा. मामाजींचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. दसऱ्याला त्याची पूजा, झेंडूचं फूल, कुंकू. तर एकदा पंक्चर काढताना जॅक अर्ध्यावरच दमू लागला. पोटातलं तेल कमी झालेलं. जॅकचं तेल मिळणार गोंदियाला, आणि घरात नुकतंच तेलघाण्यावरून आलेलं जवसाचं तेल. धान निघालं की त्याच बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जवस होतो आमच्याकडं; भाजीला, चटणीला तेच तेल. मामाजींनी क्षणभर विचार केला आणि मामीच्या बरणीतलं तेल जॅकच्या पोटात ओतलं.

"अजी, ते खायाचं तेल हाये!" मामी ओरडली.

"त्याले बी भूक लागते," मामाजी म्हणाले. "तेल ते तेल. तेलाले जात नसते."

आणि काय सांगू, जॅक झपाझप वर गेला! मामाजींनी अंगणात जमलेल्या लोकांसमोर जवसाच्या तेलाचं असं काही कौतुक केलं की दोघांनी घरी जाऊन आपल्या सायकलींनाही ते पाजलं.

आता तुम्ही जवसाचं तेल कधी दाराच्या चौकटीला लावलंय का? हवा लागली की ते सुकतं. आधी चिकट होतं, मग डिंक होतं, मग लाकडावर चामडीसारखं बसतं. म्हणून तर चौकटीला लावायचं. जॅकच्या पोटातही त्यानं तेच केलं, सावकाश, वर्षभर, कुणाला न सांगता.

पुढच्या मंडईला नाटक होतं. राणीचं काम करणारी बाई दुपारच्या गाडीनं सौंदड स्टेशनवर उतरणार आणि मामाजी तिला आणायला जीप घेऊन जाणार. निघण्याआधी चाक बदलायला जॅक लावला. जीप वर गेली, चाक बदललं, आणि जॅक खाली येईना. तेल सोडायची चावी डिंकात घट्ट बसलेली. मामाजींनी पान्यानं फिरवली, हातोडीनं ठोकली, शेवटी हात जोडले. जीप एक पाय वर करून अंगणात उभी, रस्त्यावरचं कुत्रं खांबाशी उभं राहतं तशी. राणी बैलगाडीतून आली. अंगणात उतरली, जीपकडं पाहिलं आणि म्हणाली, "हिलेबी नाटकात घ्या न भाऊ, पाय मस्त उचलते."

तो जॅक मग कधी चालला नाही. पण मामाजींनी त्याला टाकलं नाही आणि दुसराही घेतला नाही. जीप विटांवर गेल्यावरही कोहमाऱ्याचा मेकॅनिक दरसाल येऊन इंजिन आणि ब्रेक बघून जाई. तो म्हणे, माझा जॅक घेऊन येतो, अर्ध्या दिवसात चाकांवर आणतो. मामाजींचं एकच उत्तर, "उचलन तं आपल्याच जॅकनं उचलन." आणि आपला जॅक कोनाड्यात तोंड मिटून बसलेला.

म्हणून मी गोंदियाला गेलो, घराचा म्हणावा असा जॅक घ्यायला. बाजारातल्या एका दुकानात शेठनं माझ्यासमोर प्लॅस्टिकच्या पेटीतला एक चिमुकला जॅक ठेवला. "ये ले जाओ भाऊ. हल्का है, डिक्की में आ जाता है."

मी त्या जॅकचा उचलायचा हात वर करून पाहिला. माझ्या गुडघ्याच्याही खाली थांबला. शहरातल्या ठेंगण्या गाडीला ठीक, जीपच्या पोटाखाली तो नुसता हवा उचलत बसला असता. मी मोठा मागितला. मग शेठनं तीन टनी बाहेर ओढला. जीपचं एक टोक उचलायला दोन टनीही पुरतो, पण जॅकला पोटभर काम दिलं की तो लवकर म्हातारा होतो, आणि मोठ्याची चाकं रुंद असतात. मी चाकं फिरवली. मागची गरागरा वळतात का पाहिलं. दांडा ढिला आहे का पाहिला. खाली वाकून तेलाचा ओघळ कुठं दिसतो का, बोट फिरवून पाहिलं.

शेठ वैतागला. "जॅक लेने आये हो या लड़की देखने?"

"लड़की देखने में चाय मिलती है," मी म्हटलं.

दुकानात हशा पिकला आणि चहा आला. चहा येईपर्यंत मी एक उद्योग केला होता. शेठचीच गाडी दुकानासमोर उभी होती. तिच्या पुढच्या टोकाखाली जॅक लावला, उचलली, जॅकच्या हाताची टेकण जिथं आली तिथं भिंतीवर खडूनं रेघ मारली आणि चहा प्यायला बसलो. चहा संपला. रेघ आणि हात तिथल्या तिथंच. खरा जॅक तोच, जो तुम्ही बघत नसताना खाली सरकत नाही. बरोबर दोन घोड्या घेतल्या. घोडी म्हणजे गाडीच्या खाली लावायची लोखंडी तिपाई. मामाजींचाच जुना नियम: उचलणं जॅकचं काम, धरणं घोडीचं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणाऱ्याला ते नाटकात कामच देत नसत. म्हणत, याचा पहिल्याच अंकात मुडदा पडते.

मंडईच्या आदल्या सकाळी मी कोठ्यात हजर. चाकांत नव्या ट्यूब घालून आणलेल्या. मामाजी खुर्ची टाकून दिग्दर्शकासारखे बसलेले. मामी दारात, कमरेवर हात. मी जॅक जीपच्या पुढच्या आसाखाली सरकवला आणि दांडा मारू लागलो. वर, खाली, वर, खाली. जॅक टेकला. आणखी मारला. जीप हलेना. आणखी. मग माझ्या ध्यानात आलं की काहीतरी खाली चाललंय.

कोठ्याची जमीन शेणामातीची. मामीनं मंडईचं म्हणून चांगलं ओलंगच्च सारवलेलं. जॅकची चारही चाकं त्यात रुतून जॅक खाली निघाला होता.

"अगा भाच्या," मामी म्हणाली, "गाडी वर येऊन राहिली का तुहा जॅक पाताळात जाऊन राहिला?"

मी वीट घातली, ती फुटली. फाटकावरचा पत्रा घातला, तो वाकला. त्यातून या जॅकची एक गंमत असते: हात वर जाताना तो गोलाईत जातो, म्हणून जॅकला स्वतःला थोडं पुढं सरकावं लागतं. चाकं अडकली तर तो सरकत नाही आणि गाडी ओढली जाते. म्हणजे खाली कडक आणि सपाट पाहिजे. सिमेंट ओतायचं तर ते वाळेपर्यंत मंडई संपणार.

"फळे हायेत की," मामाजी हळूच म्हणाले.

फळे म्हणजे नाटकाच्या स्टेजच्या सागवानी फळ्या. मंडळ मोडलं तेव्हा त्या मामाजींच्या घरी आल्या आणि मामीनं त्यांच्यावर धानाची पोती रचायला सुरुवात केली.

"त्या नाई भेटत," मामी म्हणाली. "धान घरी येऊन राहिलं. पोते का माह्या डोक्यावर ठेवू?"

मामाजी उठले, काठी टेकत गेले आणि विटांवरच्या जीपमध्ये चढून बसले. मला वाटलं, आता किल्ली फिरवतील. नाही फिरवली. नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून भिंतीकडं बघत राहिले. हॉर्नसुद्धा नाही.

मामी दारातच होती. थोडा वेळ तिनं वाट पाहिली. मग नेहमीच्या आवाजात विचारलं, "कुठपर्यंत गेले वो आज?"

उत्तर आलं नाही.

मामी आत गेली. पोत्यांच्या खोलीतून ओढल्याचा आवाज आला. मी धावलो तर ही बाई पदर खोचून एकटी फळी ओढतेय. "उभा काऊन हास?" माझ्यावरच खेकसली. "धर त्या टोकाले."

फळ्या कोठ्यात आणल्या, पालथ्या-उताण्या करून जोडून मांडल्या. इतकी वर्षं पोत्यांखाली राहून एकीलाही वाळवी नव्हती, चीर नव्हती. मी हात फिरवला. गुळगुळीत, काळपट, काचेसारख्या. आणि मला आठवलं: दर मंडईच्या आधी आम्ही पोरं अंगणात उकिडवी बसून या फळ्यांना चिंध्यांनी तेल चोळायचो. जवसाचं तेल! ज्या तेलानं त्या बिचाऱ्या जॅकचा घसा धरला, त्याच तेलानं या फळ्या राखल्या होत्या. मी हे मोठ्यानं बोललो. मामाजी जीपमधूनच ओरडले, "मी तेच सांगत होतो! तेल चांगलंच होतं!"

"चांगलं होतं, पन जागा चुकली," मामी म्हणाली. "आन तुमी आधी खाली उतरा. गाडी उचलन तं मानसासकट उचलन का?"

मामाजी उतरले. मी जॅक फळ्यांवर घेतला. याच फळ्यांवर मी एकदा भालदार झालो होतो. एकच वाक्य होतं आणि तेही विसरलो होतो. आज मात्र दांडा मारला आणि जीप कुरकुरली. तरी जॅकचा हात लचकल्यासारखा वाटत होता, दाब मऊ. नव्या जॅकच्या पोटात हवा असते. पुन्हा खाली घेतला, चावी ढिली केली, रिकामाच दांडा भराभरा मारून हवा बाहेर घालवली, चावी आवळली.

"तेल कमी असन त्याच्यात," मामाजी पुटपुटले आणि त्यांची नजर स्वयंपाकघराकडं गेली.

"बघू नका," मामी म्हणाली. "बरनी मी सकारीच लपवून ठेवली."

या वेळी जीप उठली. पुढून उचलली, घोड्या लावल्या, चाकं बसवली, विटा काढल्या, मग मागून. जॅकची चाकं सागवानावर हळूच सरकत होती, स्टेजवर राजा यावा तशी. शेवटचं उतरवणं तेवढं राहिलं. मी चावीकडं हात नेला तर मामाजींनी काठी आडवी घातली.

"ते मी करतो."

ते फळीवर बसले. गुडघे वाकेनात, तरी बसले. चावी थोडी फिरवली, किंचित. जीप इतकी सावकाश खाली आली की टायर फळीला कधी टेकले आणि कधी त्यांनी वजन घेतलं, ते मला कळलंच नाही. मामाजींना कळलं. त्यांनी चावीवरून हात काढला नाही, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप अंगणाबाहेर निघाली. स्टिअरिंगवर मी, शेजारी टोपी घालून मामाजी. सकाळीच नव्या गाडीनं पोचलेला मुलगा म्हणाला, आई, माझ्या गाडीत ये, तिच्यात एसी आहे. मामी म्हणाली, "मले उलटी होते एसीनं," आणि जीपच्या मागच्या बाकावर चढून बसली. मंडईत शिंगाडे घेतले. लोक येऊन जीपला हात लावून जात होते. मामाजी खाली उतरलेच नाहीत. दरबार भरवावा तसे बसल्या जागी सगळ्यांचे रामराम घेत होते. परतताना फाट्यावरच्या दुकानाशी त्यांनी मला गाडी थांबवायला लावली, काठी टेकत स्वतः गेले आणि मिठाची पुडी आणून मागं मामीच्या मांडीवर ठेवली.

मामीनं पुडी पदरात बांधली.

जॅक आता त्यांच्याच कोठ्यात आहे, फळीच्या एका तुकड्यावर. मी मामीला सांगितलं, हात नेहमी खाली करून ठेवायचा, म्हणजे चकचकीत दांडी पोटात राहते आणि गंजत नाही. माती पुसायची, चाकांना ग्रीस, आणि तेल फक्त जॅकचंच, मी आणून देईन तेच. तिनं जुन्या लुगड्याचा तुकडा त्याच्यावर पांघरला. मुलाच्या गाडीला अंगणात ताडपत्रीचा मांडव घातला.

भंगारवाला ठरल्याप्रमाणे मंडईच्या दुसऱ्या दिवशी आलाच. रिकाम्या हातानं कसा जाणार? मामीनं त्याला फुटका कूलर दिला, वाकलेला पत्रा दिला. त्याची नजर कोनाड्यातल्या लाल जॅककडं गेली. "ये भी दे दो माताजी, चलता तो नहीं होगा."

मामाजी खुर्चीतून अर्धे उठले.

"तो राहू दे," मामी म्हणाली. "लोनच्याच्या बरनीवर दाब ठेवाले लागते मले."